जुनी मिलिटरी जीप पुन्हा रस्त्यावर आणायची आहे? मग आधी हे वाचा

गंगापूर तालुक्यातल्या एका वाडीत, गोठ्याच्या मागं, कडब्याखाली ती उभी होती. सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. आम्ही पाच जण कडबा बाजूला करत होतो, तेव्हा शेजारच्या आजींनी विचारलं, "काय करायलात ओ ह्या भंगाराचं?" आमच्याकडं तेव्हा धड उत्तर नव्हतं. गाडी उघडायला दोन रविवार लागले. जोडायला अडीच वर्षं लागली, आणि त्यातलं निदान एक वर्ष निव्वळ आमच्या अडाणीपणात गेलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय.

खरं सांगायचं तर आम्हाला आधी विमानाचं वेड होतं. एप्रिल २०१८ मध्ये 'परशुराम' नावाचं डाकोटा विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन स्वतःच्या पंखांवर भारतात आलं, मे महिन्यात वायुसेनेत दाखल झालं, आणि आम्हाला वाटलं आपणही असं काही करावं. मग कळलं, विमानाच्या एकेका भागाला कागद लागतो, कामावर परवानाधारक इंजिनिअरची सही लागते. रविवारच्या मंडळींचं ते काम नव्हे. जीप रस्त्यात बंद पडली तर माणूस खाली उतरून ढकलतो. म्हणून जीप.

१. गाडी कोणती आहे ते आधी ओळखा, कहाणीवर जाऊ नका

मराठवाड्यातल्या प्रत्येक जुन्या जीपचा मालक सांगतो, "ही पोलीस ॲक्शनला आलेली गाडी." आमच्या गाडीचं तर थेट नळदुर्गापर्यंत नाव जोडलं होतं. सप्टेंबर १९४८ च्या त्या कारवाईत सोलापूरकडून भारताच्या फौजा नळदुर्गमार्गे निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या हे खरं, पण आमची जीप त्यात नव्हती, कारण ती तेव्हा जन्मलीच नव्हती.

साधी खूण बॉनेटची. दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी आणि तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू या 'लो बॉनेट'. बॉनेट बसकं, इंजिन साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच. नंतरची सीजे-३बी 'हाय बॉनेट'. तिच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्येच राहिले. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेट उंच झालं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ मध्ये आलं आणि पुढं महिंद्राने ते आपल्याकडं वर्षानुवर्षं बनवलं. तेव्हा उंच बॉनेट दिसलं की पोलीस ॲक्शनची गोष्ट हसून ऐकायची आणि सोडून द्यायची. दोन्ही इंजिनं २१९९ सीसीची, पेट्रोलवर चालणारी.

'पेट्रोलवर' हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडं पेट्रोल परवडेना तेव्हा कित्येक जीपांची मूळ इंजिनं काढून मेटाडोरची नाहीतर दुसरी कुठली डिझेल इंजिनं बसवली गेली. बॉनेट उघडल्यावर स्पार्क प्लग दिसत नसतील, तर पुढचा सगळा हिशोब बदलतो.

२. कागद: पान्याला हात लावण्याआधी

आम्ही उलटं केलं. चेसिस सँडब्लास्ट करून झाली, आणि मग कळलं की आरसीवर अजून एका बँकेचा बोजा आहे. मालकाच्या वडिलांनी काढलेलं कर्ज कधीच फिटलं होतं, पण कुणी नोंद उतरवली नव्हती. ती शाखाच दुसऱ्या शाखेत विलीन झालेली. ना हरकत पत्र मिळायला सात महिने लागले.

पहिलं काम म्हणजे चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं. इंजिन नंबर ब्लॉकच्या पुढच्या भागात, वॉटर पंपाजवळच्या सपाट ठोकळ्यावर शोधा. चेसिसचा नंबर रंगाच्या पाच-सहा थरांखाली दडलेला असतो. तो ग्राइंडर लावून शोधायचा नाही! पेंट रिमूव्हर, चिंधी आणि धीर. ग्राइंडरने नंबर पुसट झाला तर ती गाडी कागदोपत्री मेली समजा. नंबर सापडला की त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, तोच छाप पुढं आरटीओत लागतो.

आता गाडी कुठल्या वाटेनं आली ते बघा.

गाडी आधीच कुणा नागरिकाच्या नावावर असेल तर लागतात:
- मूळ आरसी. हरवली असेल तर पोलीस तक्रार आणि दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६
- विक्रीसाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३०
- मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं
- बोजा उतरवायला फॉर्म ३५
- दुसऱ्या जिल्ह्यातल्या आरटीओची गाडी असेल तर तिथलं ना हरकत पत्र, फॉर्म २८
- निदान थर्ड पार्टी विमा

लष्कराच्या लिलावातून आलेली आणि कधीच पासिंग न झालेली गाडी असेल, तर तिला आरसी नसतेच. तिथं संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्यानं दिलेला विक्रीचा दाखला, म्हणजे फॉर्म २१, हाच सगळा जीव. "कागद नंतर देतो, गाडी घेऊन जा" असं म्हणणारा भेटला तर चहा प्या आणि परत या. आमच्यातल्या एकानं पूर्वी अशी एक गाडी घेतली होती. ती आजही पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे आणि तिथून हलणार नाही.

तिसरी वाट व्हिंटेज नोंदणीची. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत हा भाग आला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, घरगुती वापराची, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली अशी गाडी त्यात बसते. अर्ज फॉर्म २० मध्ये, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. डिझेल इंजिन बसवलेली जीप इथंच अडते.

पण व्हिंटेज नंबर घेण्याआधी स्वतःला विचारा की ही गाडी रोज लागणार आहे का. या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. शेतावर खत न्यायचं असेल तर व्हिंटेजच्या नादी लागू नका, साधी नोंदणी जिवंत करून घ्या.

३. गाडी कुणाची?

हे दोन ओळींत सांगतो, कारण बोलायला अवघड आहे. आरसीवर एकाचंच नाव येतं. राबणारे पाच, पैसे देणारे तीन, नाव एकाचं. पहिल्याच रविवारी शंभर रुपयांच्या वहीत लिहून सगळ्यांनी सह्या करा: गाडी विकली तर काय, कुणी सोडून गेला तर काय. आमच्यातले दोघं अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

४. हत्यारं: सुताचा हिशोब

घरातला मिलिमीटरचा पाना-संच बाजूला ठेवा. जीपचे नट-बोल्ट इंचाचे. जुने मिस्त्री 'सुता'त बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, अर्ध्या इंचाचा नट म्हणजे चार सुती. घोटाळा असा की १४ नंबरचा पाना नऊ-सोळांश इंचाच्या नटावर जेमतेम बसायला बघतो, १३ नंबरचा अर्ध्या इंचाच्या नटावर जरा सैल बसतो. जोर लावला की नटाचे कोपरे गोल, आणि मग छिन्नी-हातोडा. इंचाचे रिंग पाने आणि सॉकेट नव्यानं घ्या किंवा आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या जाफर गेटच्या आठवडी बाजारात शोधा. आमचा अर्धा संच तिथल्याच ढिगाऱ्यातून निघाला.

दुसरी गंमत चाकांची. या जुन्या जीपांच्या डाव्या अंगाच्या चाकांना उलट्या आट्यांचे स्टड असतात, ते उजवीकडं फिरवून सैल होतात. आमच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं चार फुटी पाइप लावून दोन स्टड तोडले, वर म्हणाला "गंज फार होता."

आणि हा इशारा मात्र गमतीचा नाही. लष्करी जीपेला दोन तुकड्यांची, नट-बोल्टनं जोडलेली रिम असू शकते. टायरमध्ये हवा असताना ते नट सैल केले तर रिम तोफेच्या गोळ्यासारखी उडते. आधी व्हॉल्व्हचा पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, मगच पाना.

बाकी लागेल ते असं: दोन मजबूत स्टँड, लाकडी ठोकळे, फीलर गेज, टॉर्क रेंच, मल्टिमीटर, आग विझवायचा सिलिंडर. लेथ आणि वेल्डिंगसाठी चिकलठाणा नाहीतर वाळूजच्या एमआयडीसीत चक्कर टाका. तिथून रिटायर झालेला एखादा टर्नर किंवा फिटर तुमच्यात आला तर बाकीच्या चौघांचं मिळून जेवढं काम होईल तेवढं तो एकटा करतो. आमचे 'मामा' तसेच. ते बोलत नाहीत, फक्त हात पुढं करतात आणि आपण योग्य पाना द्यायचा असतो.

५. उघडताना

प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढताना फोटो, काढल्यावर फोटो. बोल्ट पेढ्यांच्या डब्यांत, डब्यावर कागद: 'वॉटर पंप, लांब बोल्ट वरचा'. पेनानं नको, पेन्सिलीनं लिहा. ग्रीस लागला की शाई पळते, पेन्सिल टिकते. फाटकं गॅस्केट, सडलेला होज, तुटका पाटा यातलं काहीही नवं बसेपर्यंत फेकू नका, कारण दुकानात तोच नमुना दाखवावा लागतो. आमच्या एका उत्साही मित्रानं दिवाळीच्या साफसफाईत रबराचा एक 'कचरा' टाकला. तो ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, सील होता.

आणि सगळी गाडी एकदम उघडू नका. इंजिन चालतं का ते गाडी एकसंध असतानाच बघा. सुटी पडलेली गाडी बघून माणसं येणं बंद करतात, चालू इंजिनाचा आवाज ऐकला की रविवारी सातलाच हजर होतात.

६. जाम झालेलं इंजिन

वीस वर्षं उभ्या गाडीचं इंजिन फिरत नाही. इथं घाई करणारा हमखास इंजिन घालवतो. ट्रॅक्टरला बांधून ओढणं तर अजिबात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल समान मिसळून दोन-तीन चमचे सोडा. आठ दिवस विसरा. पुन्हा सोडा. दरम्यान सीजे-३बीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूची झाकणपट्टी काढून ब्लॉकमधले व्हॉल्व्ह बघा. बऱ्याचदा पिस्टन नाही, एक्झॉस्टचा व्हॉल्व्हच गाइडमध्ये अडकलेला असतो. तोही तेलानंच सोडवायचा, हलक्या टिचक्या मारत.

मग पुढून हँडल घाला आणि पूर्ण फेरी नको, नुसतं मागं-पुढं डोलवा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा नाही. इंजिननं उलटा झटका दिला तर गुंडाळलेला अंगठा मोडतो. आमच्या इंजिनाला पाच आठवडे लागले. सहाव्या रविवारी मामांनी हँडल डोलवलं आणि काहीतरी 'कट्' झालं. सगळे गप्प. मामा म्हणाले, "सुटलं."

फिरायला लागलं म्हणून लगेच स्टार्टर मारू नका. ऑइल चेंबर खाली उतरवा. आमच्या चेंबरमध्ये तळाशी दोन बोटं काळं शिऱ्यासारखं साचलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर पंपाची जाळी बंद होऊन बेअरिंगं गेली असती. साफ करून नवं तेल भरा, प्लग काढलेलेच ठेवून ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत स्टार्टरवर फिरवा. मग डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट अर्धा मिलिमीटर, प्लगची पाऊण, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२. तारा चुकीच्या लावल्या तर कार्ब्युरेटरमधून ज्वाळा येते, तेव्हा आग विझवायचा सिलिंडर हाताशी.

७. पेट्रोल आणि टाकी

टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे तुम्ही तिच्यावरच बसणार आहात. गळकी टाकी 'रिकामी आहे' म्हणून वेल्डिंगला देऊ नका. रिकामी टाकीच फुटते, कारण आत वाफ असते. रेडिएटरवाल्याकडं द्या, तो आधी गरम पाण्यानं धुऊन काढेल.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इंजिनावरच्या जुन्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) आणि रबरी नळ्या त्यात फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल सोसणारा डायफ्राम आणि नळ्या मागून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामं करा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पत्रा आतून गंजतो.

८. पाणी

इथं आपला मुलुख आडवा येतो. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. आपल्या बोअरच्या क्षारानं अंघोळीच्या बादलीचं काय होतं ते बघा, तेच ब्लॉकच्या आत होतं. आमच्या ब्लॉकच्या मागच्या भागातून पांढऱ्या दगडाचे अक्षरशः तुकडे निघाले. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घाला. नाहीतर पत्र्यावरचं पावसाचं पाणी गाळून कॅनमध्ये साठवा. (२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. तेव्हा आम्हाला कुणी रेडिएटरसाठी पाणी मागितलं असतं तर आम्ही त्याला हाकललं असतं.)

मिस्त्री लोक 'आपल्याकडं गरमी' म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. तो नवा बसवा. गाडी तापत असेल तर दोष बहुतेक वेळा रेडिएटरच्या चोंदलेल्या कोअरचा किंवा फॅनच्या ढिल्या पट्ट्याचा असतो.

९. ब्रेक आणि जॅक

चारही चाकांना ड्रम, आणि सगळी यंत्रणा एकाच लाइनवर. एक व्हील सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. म्हणून इथं काटकसर नको: मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, होज, पाइप सगळं नवं. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं, कंप्रेसरची हवा मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

हँडब्रेक मात्र चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवर आहे. याचा अर्थ कुणी समजावून सांगत नाही, म्हणून सांगतो: मागचं एक चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक गाडीला धरत नाही. उचललेलं चाक डिफरन्शिअलमधून मोकळं फिरतं आणि गाडी जॅकवरून सुटते. आधी बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. आमची गाडी फूटभर सरकली, तेव्हा सुदैवानं खाली कुणी नव्हतं.

अजून एक तपासणी फुकटात होते. पुढचा आणि मागचा एक्सल एकाच रेशोचा आहे का? आपल्याकडच्या गाड्यांत कधी कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही. गाडी स्टँडवर घेऊन एका एक्सलची दोन्ही चाकं एकदम एक पूर्ण फेरी फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. सीजे-३बीला साधारण पाच आणि तिसरा हिस्सा यायला हव्यात. पुढं-मागं वेगळा आकडा आला तर फोर व्हील टाकताच ट्रान्सफर केस मोडेल.

१०. रंग

सगळ्यांना हिरवी हवी असते. आम्हीही पाच लिटर ऑलिव्ह ग्रीन आणून ठेवला होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा नियम १२१ सांगतो की तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांशिवाय कुणाला लावता येत नाही. पुढं वर बाण असलेला लष्करी नंबरही तुमचा नाही. आम्ही राखाडी दिली. सुरुवातीला जीवावर आलं, आता तीच बरी दिसते. रंगाआधी पत्र्याला रेड ऑक्साइड. आणि पुट्टी कमीत कमी, कारण खराब रस्त्यावर जीप थरथरते आणि जाड पुट्टी पापुद्र्यासारखी सुटते.

११. पहिल्या फेऱ्या

पहिले पाचशे किलोमीटर गावाबाहेर जाऊ नका. पहिल्या पन्नासनंतर हेडचे बोल्ट, चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका, त्याला सिंक्रो, म्हणजे दातांचा वेग जुळवून घेणारी सोय, नाही. डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकायचं नाही.

आम्ही १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, सकाळी सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभाकडं निघालो. जालना रोडवर सिग्नलला गाडी बंद. पेट्रोल आहे, स्पार्क आहे, तरी घेईना. मागून रिक्षावाले हॉर्न मारायला लागले. मामा उतरले, बॉनेट उघडलं, डोक्याचा रुमाल पाण्यात भिजवून पेट्रोल पंपावर गुंडाळला आणि दोन मिनिटं उभे राहिले. गरमीनं नळीतच पेट्रोलची वाफ झाली होती. हँडल मारलं, चालू. तेव्हापासून सीटखाली दोन सुती फडकी आणि पाण्याची बाटली कायम असते. एप्रिल-मेमध्ये दोन बाटल्या ठेवा, एक तुमच्यासाठी.